पाचव्या भेटीआधी बोलू की नको? (बिल कोणी द्यायचं हा प्रश्न)

बार्शी_लाइट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी २८, पुण्यात नोकरी, मूळ बार्शीचा. अ‍ॅपवर एका मुलीशी ओळख झाली. ती कल्याणीनगरला राहते, मी कोथरूडला. चार भेटी झाल्या. मुलगी छान आहे, गप्पा रंगतात, तिलाही मी आवडत असावा असं वाटतं. अडचण फक्त एक आहे आणि ती सांगायची लाज वाटते. चारही वेळा पैसे मी दिलेत.

पहिल्या भेटीचं बिल अजून पाकिटात आहे (कशाला ठेवलंय विचारू नका). सावरडो टोस्ट ४२०, पास्ता ४८०, तिची कोल्ड कॉफी २९०, माझी ती काळी कडू अमेरिकानो २१०. वर सर्व्हिस चार्ज, जीएसटी. एकूण १,६१७. दुसऱ्यांदा सिनेमा आणि पॉपकॉर्न ११५०. मग १३८५. मग १७२०. बेरीज तुम्हीच करा, मी रोज रात्री करतो.

पगार हातात ३८ हजार. फ्लॅटच्या भाड्यातला वाटा ९,५००, घरी १२ हजार (वडिलांच्या दुकानाचं कर्ज आहे), गाडीचा हप्ता ३,२००, मेस ३,६००. उरतं त्यात पेट्रोल, मोबाईल, आजारपण आणि प्रेम.

तिसऱ्या भेटीपासून मी एक युक्ती काढली. "मला भूक नाही" म्हणतो, फक्त कॉफी घेतो. ती खाते. तिला मेट्रोला सोडलं की परत येताना गाडीवर अंडाभुर्जी-पाव हाणतो. गाडीवाला आता ओळखायला लागलाय.

पाचवी भेट या शनिवारी आहे. जागा तिने सुचवलीय, मी मेनू नेटवर बघितला आणि फोन पालथा ठेवला. बोलू का? कसं बोलू? बोललो तर चिंगूस वाटेन का?

पावशेर

५,८७२. आणि भुर्जी धरली नाही.

कट्टेकरी_दादर

मित्रा, साधं आहे. टीटीएमएम. तुझं तू माझं मी. आम्ही कॉलेजपासून कॉन्ट्रीवर जगलो, कुणाचं कुणावाचून अडलं नाही. "चल, कॉन्ट्री काढू" एवढंच म्हणायचं.

सायली_घाटे_नाही

कॉन्ट्री मित्रांत काढतात हो. पाचव्या डेटला समोरच्या मुलीला "कॉन्ट्री काढ" म्हणाल तर ती गणपतीची पावती फाडल्यासारखा चेहरा करेल.

हिशेबनीस

भावनिक प्रश्न इतरांवर सोडतो, मी फक्त बिलाबद्दल बोलतो, कारण ते बघून मला राहवत नाही.

पदार्थांचे १४००. म्हणजे तुमच्याकडून १० टक्के सर्व्हिस चार्ज १४० घेतला आणि त्या १५४० वर ५ टक्के जीएसटी ७७. बरोबर? आता ऐका. सर्व्हिस चार्ज हा कर नाही. तो सरकारकडे जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली की हॉटेलवाल्याने तो आपणहून बिलात लावायचा नाही, ग्राहकाच्या खुशीवर सोडायचा. हॉटेलांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा "हा काढा" म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार होता. बिल १,४७० झालं असतं. १४७ रुपये वाचले असते.

पावशेर

दोन भुर्ज्या.

बार्शी_लाइट

@हिशेबनीस, हे मला माहीत होतं हो. पण पहिल्या भेटीत, ती समोर बसलेली, आणि मी वेटरला "हे १४० काढा" म्हणू? जीभ उचलली नाही. मी तर वर वीस रुपये ठेवून आलो.

हिशेबनीस

ज्याला १४० काढायची लाज वाटते, त्याचे ५,८७२ जातात. असो.

नीलमोहर

मुलीच्या बाजूने लिहिते.

चार वर्षांपूर्वी मी एकाला भेटत होते. तीन भेटी झाल्या, प्रत्येक वेळी मी पर्स उघडायची आणि तो "अगं राहू दे, काय तू पण" म्हणायचा. मला बरं वाटायचं, खोटं का बोलू. चौथ्या भेटीआधी जाणवलं की आपलं काही जुळत नाहीये, तसं त्याला नीट, सभ्यपणे कळवलं. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर यादी आली. तारीखवार. जेवण, आइस्क्रीम, पार्किंगचे वीस रुपये, आणि "पेट्रोल (अंदाजे)". एकूण ४,३१०.

मी त्या क्षणी ४,३११ पाठवले. आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालतात ना, तसा.

तेव्हापासून माझा नियम आहे. माझ्या कॉफीचे मी देणार. तो चांगला असो, वाईट असो, मला मिंधं व्हायचं नाही. समोरच्याने पैसे दिले की "नाही" म्हणणं जड जातं, आणि पहिल्या चार भेटींत "नाही" म्हणता येणं ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट असते. बार्शीकर, तुम्ही तसे नसाल. पण तिला ते कसं कळणार?

कोरी_पाटी

त्या वरच्या एक रुपयासाठी साष्टांग _/\_

अर्धवटराव_२

सगळं मान्य, पण एक विचारतो, दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या). समानता हवी म्हणायचं आणि बिल आलं की मोबाईलमध्ये डोकं घालायचं, असं का?

सायली_घाटे_नाही

आणि एक मी विचारते, तुम्हीही दिवे घ्या. रात्री साडेदहाला भेट संपते तेव्हा तुम्ही शेअर रिक्षाने किंवा चालत घरी जाऊ शकता. मी कॅब करते, कारण नाहीतर आई झोपत नाही. तीनशे रुपये. ते तुमच्या कोणत्या रकान्यात लिहिता?

अर्धवटराव_२

हा मुद्दा लक्षात आला नव्हता. मागे घेतो.

पावशेर

स्क्रीनशॉट काढून ठेवा रे, अर्धवटरावांनी मुद्दा मागे घेतला.

गिरगावकर_काका

आमच्या वेळी अ‍ॅप नव्हतं पण प्रश्न हाच होता. १९८४. आमची ही तेव्हा फोर्टात टायपिस्ट, मी एका कंपनीत उमेदवारी करत होतो. तिचा पगार माझ्याहून जास्त. कोपऱ्यावरच्या इराण्याकडे बसायचो. दोन चहा, एक बन-मस्का दोघांत. उठलं की वेटर मागून गल्ल्यावरच्या मालकाला ओरडून आकडा सांगायचा, सगळ्या हॉटेलला कळायचं आपण किती खाल्लं ते.

एके दिवशी ही माझ्या आधी पुढे झाली आणि गल्ल्यावर नोट ठेवली. इराण्याने नोट तिच्याकडून घेतली. सुटे पैसे मात्र माझ्या हातात दिले.

चाळीस वर्षं झाली, ही अजून तो किस्सा सांगते. त्या दिवशी मला राग आला नव्हता, शरम वाटली होती. आणि शरम तिने पैसे दिले म्हणून नव्हती, मी ती सुटी नाणी खिशात घातली म्हणून. (परत दिली. गिरगाव येईपर्यंत दिली.)

नीलमोहर

काका, आजही तेच आहे. बिल मी मागवलं तरी ते काळं पाकीट त्याच्यासमोर ठेवतात. कार्ड माझं, आणि वेटर मशीन त्याच्यापुढे धरतो, "सर, पिन".

म्युनिकची_मंजू

इकडे वेटर येऊन सरळ विचारतो, "त्सुझामन ओडर गेट्रेंट?" एकत्र की वेगवेगळं? ज्याने जे खाल्लं ते तो सांगतो, वेटर टेबलाशी उभ्याउभ्या हिशेब करतो, बक्षिसी म्हणून आकडा थोडा वर गोल करायचा आणि विषय संपला. कुणाचा अपमान नाही की उपकार नाहीत.

पहिल्यांदा मला हे फार लागलं होतं. इथे हॉटेलात पाण्याचेही पैसे पडतात. एका मुलासोबत गेले होते, तो म्हणाला, "माझी बिअर आणि सूप, हिचं पाणी आणि सॅलड." माझं पाणी! मी घरी येऊन आईला फोन केला, म्हटलं, याने माझं पाणीसुद्धा भरलं नाही. आई म्हणाली, सोड त्याला.

पुढच्या आठवड्यात त्याने घरी बोलावलं आणि तीन तास खपून जेवण केलं. पोळ्यासुद्धा. भारताच्या नकाशासारख्या, पण केल्या. तेव्हा कळलं की त्याच्या लेखी बिल म्हणजे बिल आणि जिव्हाळा म्हणजे जिव्हाळा, दोन्हींचा संबंध नाही. आपल्याकडे "मी देतो" यातच सगळं कोंबलेलं असतं. माया, मान, मोठेपणा, थोडा हक्कही. म्हणून ते सुटं करायला जड जातं.

सोडलं नाही त्याला. आता दोघांचं पाणी एकाच नळाचं आहे.

वधूची_आई

आमच्याकडे सध्या रीतसर स्थळं बघणं चालू आहे. आता कांदेपोह्यांआधी मुलंमुली बाहेर कॅफेत भेटतात, आम्ही घरी फोनकडे बघत बसतो. माझ्या लेकीचा नियम आहे, जागा ज्याने ठरवली त्याने पहिलं बिल द्यायचं. तिने ठरवली तर ती देते. मला पटतो. परवडेल अशीच जागा माणूस आपोआप निवडतो.

एका मुलाने मागे गंमत केली. हसतमुख मुलगा, सगळं बिल त्याने दिलं, "पुढच्या वेळी तू दे" म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला लेकीच्या फोनवर यूपीआयची मागणी, २१२ रुपये. सोबत "शुभ सकाळ", सूर्यफुलाचं चित्र.

कट्टेकरी_दादर

मला हा मुलगा आवडला. सरळ आहे.

कोरी_पाटी

२१२ मागितले याचं काही नाही, पण सूर्यफूल कशाला.

हिशेबनीस

माहितीसाठी. अशी एका माणसाने दुसऱ्याला "मागणी" पाठवायची यूपीआयमधली सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. भामटे लोक मागणी पाठवून पैसे उकळायचे म्हणून. आता हवे असतील तर तोंडाने मागावे लागतात.

पावशेर

म्हणजे धागाकर्त्याचा शेवटचा मार्गही बंद.

सह्याद्री_वारा

थोडं अवांतर, पण लिहायलाच हवं. अ‍ॅपवरची व्यक्ती पहिल्याच भेटीला अमुक एका पबमध्येच जाऊ म्हणून अडून बसली तर सावध राहा. २०२४ मध्ये मुंबई-दिल्लीकडच्या अशा बातम्या सारख्या पेपरात येत होत्या. मुलगी महागडी दारू मागवते, फोन आला म्हणून उठते ती येतच नाही, आणि बिल येतं दहावीस हजारांचं. दारात दोन दांडगे. हॉटेल आणि मुलगी दोघं सामील. माझा चुलतभाऊ असाच अडकला होता, घरी सांगितलंच नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करायचा, दबाव येत असेल तर तिथूनच ११२. आणि मेनूकार्डावर भाव नसेल तर पाणीसुद्धा मागवू नका.

धागाकर्त्याची गोष्ट अर्थात वेगळी आहे.

बार्शी_लाइट

हो हो, तशी नाही ती. पास्ता पूर्ण संपवते.

सगळ्यांचं वाचतोय. नीलमोहर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी यादी वगैरे कधीच पाठवणार नाही, पण यादी माझ्या डोक्यात आहे हे खरं. ते तरी कुठे बरं आहे.

माजघर

माझं लग्न होऊन मोडलंय, आता दुसऱ्यांदा कुणाला तरी भेटते आहे, म्हणून जरा निराळं सांगते. पहिल्या नात्यात सगळं "तो देतो" होतं. मीही कमवत होते, पण तो द्यायचा आणि मला भारी वाटायचं. लग्नानंतर कळलं की देणारा तो, म्हणून ठरवणारा तो. फ्रिज कुठला, सुट्टी कुठे, माझ्या आईला दिवाळीला किती. सात महिने मी माझ्याच पगाराचा हिशेब त्याला दाखवत होते.

आता ज्याला भेटते तो आणि मी आळीपाळीने देतो, सारखं सारखं मोजत नाही. तो शाळेत शिक्षक आहे, माझा पगार जास्त आहे. माझी पाळी असते तेव्हा आम्ही थाळी खातो, त्याची असते तेव्हा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेळ. हे जमायला दोन महिने लागले आणि एकदा कडाक्याचं भांडण झालं. त्याला वाटलं मी त्याची कीव करते.

बार्शी_लाइट, पैशाचं बोललात तर ती चिंगूस म्हणेल ही भीती सोडा. ती काय म्हणते ते कळणं हाच फायदा आहे. पण बोलायचं ते बिल आल्यावर नाही, आधी. बिल टेबलावर असताना पैशावर कुणीही शहाण्यासारखं बोलत नाही.

वधूची_आई

अनुमोदन.

कट्टेकरी_दादर

आणि जाताना मेट्रोने जा. शनिवार-रविवारी तिकिटात ३० टक्के सवलत असते.

हिशेबनीस

हे मी लिहिणार होतो.

बार्शी_लाइट (सोळा दिवसांनी)

मंडळी, अपडेट. उशीर झाला, कारण मधले चार दिवस ती बोलतच नव्हती.

शनिवारी मी तिला आधीच मेसेज केला, कॅफे नको, संभाजी बागेत भेटू. बाकावर बसलो. मी पाठ करून गेलो होतो, तरी पहिलंच वाक्य वाकडं निघालं. म्हणालो, "या महिन्यात मला तू परवडत नाहीस." म्हणायचं होतं कॅफे.

ती हसली नाही. मग मी सगळं सांगितलं, पगार, घरचे बारा हजार, हप्ता. ते तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "आणि ते भूक नसायचं काय होतं? मला वाटलं तू डाएट करतोस." मी भुर्जीचं सांगितलं. इथे हसेल असं वाटलं होतं. तिचे डोळे भरले. "मी समोर बसून पास्ता खात होते आणि तू उपाशी बसून माझ्याशी गप्पा मारत होतास. मला हे नंतर कळल्यावर कसं वाटेल याचा एकदाही विचार केला नाहीस?"

मी म्हटलं, तूही कधी द्यायचं म्हणाली नाहीस.

तर म्हणाली, "पहिल्या दिवशी मी कार्ड काढलं होतं. तू माझा हात ढकललास. अक्षरशः ढकललास."

मला आठवत नव्हतं. घरी येऊन खूप विचार केला. मग आठवलं. बार्शीत वडील असेच करतात. पाहुण्याने खिशात हात घातला की त्याचा हात धरून मागे सारायचा, जवळजवळ मारामारीच करायची, ही पद्धतच आहे. जो जास्त जोरात ढकलतो तो जास्त चांगला. पण पाहुणाही जोर लावतो ना! तिने लावला नाही. तिला वाटलं, याला राग येतोय, आपण परत काढायला नको. आणि महागाचे कॅफे का, तर पहिला मीच निवडला होता. तिला वाटलं, बार्शीचा असून याला सावरडो आवडतो.

मग चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी मेसेज: "ती भुर्जीची गाडी कुठेय?"

गेलो. तिने दिले, १६०. गाडीवाल्याने सुटे मला दिले. काका, तुमची आठवण झाली. लगेच दिले तिला.

गिरगावकर_काका

शाब्बास. मला गिरगावापर्यंत वेळ लागला होता.

नीलमोहर

छान वाटलं वाचून. आता डोक्यातली यादी बंद झाली का?

बार्शी_लाइट

खरं सांगू? नाही. आता उलटी सुरू झालीय. परवा तिने जेवण दिलं तर मी भाजी कमी घेतली. आळीपाळी ठरली आहे, पण तिच्या पाळीला माझा घास अडतो. तिचा पगार ५२ आहे, तिला काही वाटत नाही, मलाच वाटतं.

माजघर

दोन महिने लागतात म्हटलं होतं ना.

सायली_घाटे_नाही

आणि एक भांडण बाकी आहे. कॅबचं.

बार्शी_लाइट

ते झालं काल. पेट्रोलवरून. ती म्हणते, मी कॅबने येते ते माझं, तू गाडीने सोडतोस ते तुझं, मग मी तुझ्या गाडीत निम्मं पेट्रोल का टाकू नये? मी पंपावर तिचा हात धरला (ढकलला नाही). पंपावरचा पोरगा म्हणाला, "साहेब, कुणीतरी द्या, मागे लाइन आहे." तिने स्कॅन केलं.

पावशेर

किती?

बार्शी_लाइट

दोनशेचं.

हिशेबनीस

मग जेवण कुठे झालं परवा, ते लिहिलं नाहीत. सर्व्हिस चार्ज होता का?

बार्शी_लाइट

कर्वे रोडच्या आत एका गल्लीत सोलापूरकडची खाणावळ आहे, पाटीसुद्धा नीट नाही. १२० ला थाळी. बाजार आमटी, कडक भाकरी, शेंगा चटणी, कांदा फोडून. सर्व्हिस चार्ज नाही, सर्व्हिसही नाही, ताट स्वतः उचलायचं. तिने आमटी तीनदा घेतली, मावशींनी तिला विचारलं, "कुठल्या गं तुम्ही?"

कोरी_पाटी

पत्ता टाका. रविवारी संध्याकाळी चालू असते का?

बार्शी_लाइट

रविवारी संध्याकाळी बंद. दुपारी एकच्या आत जा, नाहीतर आमटी संपते.